लम्पीची गाय जगवायची आणि शेजारची निरोगी कोंबडी मारायची, हे एकाच खात्याचं धोरण कसं?

बारमाही:

राम राम मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, पण धड उत्तर कुणाकडूनच मिळालं नाही म्हणून इथे टाकतोय.

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या गोठ्यात लम्पी शिरला. दोन संकरित गाई आणि एक कालवड लागली. अंगभर गाठी, पोळीला (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला) सूज, ताप, चाऱ्याला तोंड लावेनात. डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, जनावरं वेगळी बांधायला सांगितली. आता वेगळी म्हणजे कुठे? त्याच गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, कडुलिंबाचा धूर करून. एक गाय गेली, बाकी दोन जगल्या. पंचनामा झाला, दुधाळ गाईचे ३०,००० मिळाले. गाय त्याच्या दुपटीपेक्षा जास्तीची होती, पण माझं गाऱ्हाणं ते नाही.

माझा प्रश्न साडूमुळे पडलाय. त्याची मराठवाड्यात अंड्यांच्या कोंबड्यांची शेड. २०२१ च्या जानेवारीत तिकडे बर्ड फ्लू आला. ह्याच्या शेडमध्ये एकही कोंबडी मान टाकून बसलेली नव्हती. पण दुसऱ्याच कुणाच्या शेडचा नमुना पॉझिटिव्ह आला आणि साडूची शेड त्या एक किलोमीटरच्या गोलात सापडली. प्लास्टिकचे पोशाख घातलेली माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत शेड रिकामी. मोठ्या कोंबडीमागे ९० रुपये.

म्हणजे माझी गाठी आलेली गाय धडधाकट गाईंच्या शेजारी महिनाभर बांधलेली चालते, आणि त्याची अंडी देणारी कोंबडी आजारी कोंबडीपासून पाऊण किलोमीटरवर असूनही चालत नाही. यात शास्त्र आहे, की गाय म्हटलं की सरकार दबकतं आणि कोंबडीला वाली नाही, एवढंच खरं?

जाता जाता दुसरं. गावात लाळ्या-खुरकुताच्या लसीची फेरी येणार आहे. वडील म्हणतात, दूध आटतं, गाभण गाय गाभडते, टोचू देऊ नको. काय करावं?

निवृत्त पर्यवेक्षक:

बारमाही, नोकरीचा सगळा काळ पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढला, श्रेणी-२ च्या दवाखान्यात. नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लूच्या वेळी ड्युटीवर होतो. तेव्हा दोन्ही बाजू पाहिल्यात, सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता तसं दबकणं आहेच, नाकारत नाही. पण ते दुसऱ्या नंबरला येतं. पहिल्या नंबरला रोग पसरतो कसा ते येतं.

लम्पी पसरवतात गोचीड, डास आणि चावऱ्या माश्या. तुमच्या गाईच्या अंगावर गाठ दिसली तोवर तिच्यावर बसलेली माशी चार गोठे फिरून आलेली असते. त्या दिवशी तुम्ही गाय मारली असती तरी माशी तर मारली नसतीत. शिवाय हा रोग माणसाला होत नाही, लागलेली बरीच जनावरं बरी होतात, आणि लस हाताशी होती. ती लम्पीची नव्हे, शेळ्यांच्या देवीची, पण दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे कामाला येते. आपल्याकडे त्या साथीची पहिली नोंद ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला झाली. त्यानंतर अख्खा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, बाजार बंद, वाहतूक बंद, आणि गावोगाव हीच लस टोचली गेली.

बर्ड फ्लूचं उलटं. शेडमध्ये शिरला की दोन-तीन दिवसांत कोंबड्यांचा खच पडतो. विष्ठेतून, पाण्यातून, अंड्यांच्या ट्रेमधून, खाद्याच्या गाडीच्या चाकातून, कामगाराच्या चपलेतून तो पुढच्या शेडला जातो. बरी होऊन उठणारी कोंबडी जवळजवळ नाहीच. आणि मुख्य म्हणजे तो माणसाला होऊ शकतो. क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. जितक्या जास्त पक्ष्यांत तो फिरेल तितका बदलेल, ही खरी भीती. म्हणून नुसत्या आजारी कोंबड्या नाही, विषाणूला पुढे जायला जे जे मिळू शकतं ते सगळं एका दमात काढतात. नवापूरला हा गोल तीन किलोमीटरचा होता. आता मारण्याचा गोल एक किलोमीटरचा, आणि त्यापुढे दहापर्यंत नुसती नजर ठेवतात, नमुने घेतात.

‘मग कोंबड्यांनाही लस का नाही’ हे तुम्ही विचारणारच. लस जगात आहे. चीन देतो, फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना द्यायला सुरुवात केली. अडचण अशी की लस दिलेला पक्षी आजारी न दिसताही विषाणू सोडत राहू शकतो. आज कोंबड्या पटापट मरतात म्हणून निदान कळतं तरी. उद्या त्या मरायच्या थांबल्या आणि विषाणू शेडमध्ये गुपचूप फिरत राहिला, तर कळायला सतत तपासणी हवी, आणि एवढ्या नमुन्यांचा भार उचलणाऱ्या प्रयोगशाळा आपल्याकडे किती? बर्ड फ्लूचं पक्कं निदान आजही भोपाळच्या संस्थेतून येतं. त्यात मांसाची कोंबडी जगते जेमतेम सहा आठवडे, म्हणजे दर खेपेला नव्याने टोचणं आलं.

आता दबकण्याबद्दल. २००९ चा प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांचा केंद्राचा कायदा आहे. त्यात बाधित जनावराला दयामरण देण्याची तरतूद आहे, आणि ती गाईला वगळून नाही. घोड्यांच्या ग्लँडर्सला ती वापरतात, आफ्रिकन स्वाइन फीवरला डुकरांवर वापरतात. गाईवर कुणी वापरायला जात नाही, आणि उद्या वापरायची म्हटली तर पोलीस बंदोबस्तातही जमायचं नाही. फ्रान्समध्ये २०२५ मध्ये लम्पी शिरला तेव्हा तिथल्या सरकारने लसही दिली आणि बाधित गोठेच्या गोठेही मारले. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. म्हणजे रोग एकच, शास्त्र एकच, धोरण वेगळं. तिथे निर्यातीचा बाजार लवकर उघडायची घाई आणि मोजकी जनावरं. आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे गाई-म्हशी मिळून ३० कोटींच्या वर. मारून रोग संपवतो म्हणणाऱ्याने आधी हा आकडा वाचावा.

आणि न मारता रोग संपत नाही असंही नाही. बुळकांडी तुमच्या वडिलांना, निदान आजोबांना ठाऊक असेल. गोठेच्या गोठे साफ करायची. आपण कत्तल न करता गावोगाव लस टोचून ती संपवली. देशातली शेवटची नोंद १९९५ ची, आणि २०११ मध्ये जगातूनच ती गेल्याचं जाहीर झालं. उलट इंग्लंडने २००१ मध्ये लाळ्या-खुरकुतासाठी ६० लाखांहून जास्त जनावरं मारली, त्यात निरोगी पुष्कळ. त्यांनी लस टाळली ती ‘लस न देता रोगमुक्त’ हा निर्यातीचा शिक्का जाऊ नये म्हणून. साडूला सांगा, गोलात सापडलेला तो एकटा नाही.

मला स्वतःला जे धोरण चुकीचं वाटतं ते मारण्या-न मारण्याचं नाहीच, भरपाईचं आहे. लोक भरपाईला मदत समजतात. ती खबर लवकर मिळावी म्हणून मोजलेली किंमत असते, निदान असायला हवी. बर्ड फ्लूमध्ये खात्याने मारलेल्या पक्ष्याचे पैसे मिळतात, पथक यायच्या आधी मेलेल्याचे नाही. म्हणजे आज कळवलंत तर पाच हजार पक्ष्यांचे, चार दिवसांनी कळवलंत तर उरलेल्या दोन हजारांचे. दर कमी असला तरी नियमाची दिशा बरोबर आहे. लम्पीत काय केलं? गाय मेली तर ३०,०००, बैल २५,०००, वासरू १६,०००. पहिली गाठ दिसल्या दिवशी ज्याने कळवलं, जनावर अलग केलं, गोठ्यात फवारणी केली, दूध आणि मजुरी दोन्ही गमावून गाय वाचवली, त्याला त्यातलं काही नाही. मी म्हणतो, हीच रक्कम थोडी फोडून अलगीकरणाच्या काळात चाऱ्याला दिली असती तर लोकांनी जनावरं लपवली नसती. लपवली, मला माहीत आहे. बाजार बंद व्हायच्या आदल्या रात्री किती जनावरं तालुक्याबाहेर गेली ते टेम्पोवाल्यांना विचारा.

कायद्याने मालकाने संशय आला की ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवायचं असतं, आणि तिथून पशुवैद्यकाला. कळवून नुकसानच होणार असेल तर कळवतो कोण?

लसीचं नंतर लिहितो, नातू मोबाईल मागतोय.

शेडवाला:

पर्यवेक्षक साहेब, खबरीची किंमत वगैरे कागदावर ठीक. मी २०२१ मध्ये त्याच गोलात होतो. पैसे आले, पण कधी? अर्धे केंद्राचे, अर्धे राज्याचे, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसलेले. तोवर खाद्यवाल्याचा तगादा. आणि ९० रुपये फक्त कोंबडीचे. त्यानंतर शेड धुवा, चुना मारा, नमुने पाठवा, आणि परवानगी येईपर्यंत एक पिल्लूही आणायचं नाही. त्या रिकाम्या महिन्यांचं बँकेचं व्याज कुणी धरलं? त्याचा एक रुपया नाही.

आणखी एक बोलतो. प्राणी कल्याण प्राणी कल्याण म्हणतात, मारताना ते कुठे जातं? माझ्या शेडमध्ये माणसं कमी, कोंबड्या जास्त, अंधार पडायला लागलेला. पिंजऱ्यातून पायाला धरून ओढत होते. ज्या पक्ष्यांना मी चार महिने हाताने वाढवलं त्यांचं ते बघवलं नाही, बाहेर जाऊन बसलो.

निवृत्त पर्यवेक्षक:

शेडवाले, पैसे उशिरा येतात हे मान्य, आणि उशिरा आलेला पैसा पुढच्या वेळची खबर मारतो. व्याजाचं म्हणणंही रास्त.

मारण्याचं सांगतो. नवापूरला आम्हाला जो पोशाख दिला होता त्यात फेब्रुवारीतही अंघोळ झाल्यासारखा घाम. चष्म्याला आतून वाफ धरायची, पुसायचा तर हातमोजे रक्त-विष्ठेने भरलेले, म्हणून तसंच अंदाजाने काम. मान मोडायची, एका झटक्यात, दोन बोटांच्या पकडीत. नीट शिकवलेल्या माणसाने केलं तर पक्षी क्षणात जातो. पण हात भरून आले की पकड सुटते, आणि मग तुम्ही पाहिलंत ते होतं. खड्ड्यात पक्ष्यांचा थर, त्यावर चुन्याचा थर, पुन्हा पक्षी. रात्री टॅमीफ्लूची गोळी आणि ताप मोजायचा. जेवण कुणाला जात नव्हतं. पशुपालनाचं शिक्षण घेतलेल्या पोरांना हे काम दिलं आणि घरी गेल्यावर कुणी विचारलंही नाही की बाबा, बरा आहेस ना.

त्यामुळे मी तरी म्हणेन की पक्ष्याचे हाल आणि माणसाची दमछाक हे दोन वेगळे विषय धरूच नयेत. एका पथकाने एका दिवसात किती पक्षी करायचे याला मर्यादा हवी, आणि अंधार पडला की थांबायचं. मोठ्या व्यावसायिक शेडसाठी कार्बन डायऑक्साइड वायूचा पर्याय जगभर वापरात आहे, तो दर जिल्ह्यात तयार हवा.

कायद्याचं म्हणाल तर १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तेव्हा ५० रुपयांना किंमत होती. आज जनावरं कोंबून नेणारा टेम्पोवाला तेवढे चहाला देतो. गोवंश हत्याबंदी मात्र २०१५ पासून कडक आहे. म्हणजे मारणं मोठा गुन्हा आणि हाल करणं किरकोळ. भाकड गाय नि म्हातारा बैल लोक रात्री सोडून देतात. मग ते मोकाट जनावर कानात बिल्ला नाही, अंगात लस नाही, असं रस्त्यावर फिरतं, आणि लम्पीच्या काळात सर्वात आधी तेच लागतं. त्याला टोचायला धरणार कोण? पथकाबरोबर मालक असतो म्हणून जनावर हाती लागतं. मोकाटाला दोर टाकायला चार माणसं लागतात, आणि ती चार माणसं कुठल्याच मंजूर पदांत नाहीत. कत्तलीच्या बाजूने बोलतोय असं कुणी समजू नका. ज्या धोरणाने ती जनावरं जगवली त्याने त्यांच्या लसीची, चाऱ्याची तजवीजही करावी, एवढंच.

आता बारमाहींची लस. घ्या, आणि वडिलांना असं सांगा.

लाळ्या-खुरकुताची ही लस केंद्राच्या कार्यक्रमातली, सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली, पैसे लागत नाहीत. आपल्या देशात फिरणारे तीन प्रकार, ओ, ए आणि एशिया-१, तिन्ही तिच्यात असतात. लसीतला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे लसीने रोग होत नाही. दूध एखाद-दोन दिवस कमी होतं, हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. टोचल्या जागी गाठही येते, कारण लस तेलातली आहे. ती जिरते. पण खुरकूत झालेली गाय त्या वेतात पुन्हा आधीच्या दुधावर येत नाही, आणि पुष्कळदा बरी झाल्यावरही उन्हात धापते, अंगावर केस वाढतात, माजावर यायला कुरकुर करते. वडिलांनी असं धापणारं जनावर पाहिलंच असेल.

गाभण गाईचं म्हणणं अगदीच खोटं नाही. शेवटच्या टप्प्यातली गाय असेल तर आम्हीही थांबायला सांगायचो, व्याल्यावर टोचायचो. भीती लसीपेक्षा धरपकडीची. तीन माणसं शिंगाला लटकली, गाय खोड्यात आपटली, तर लस न देताही गाभडेल. म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत, तुमच्या हाताला सवय असलेली गाय तुम्हीच धरा. अलीकडची गाभण असेल तर निर्धास्त टोचा.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. बाटली बर्फाच्या डब्यातून निघते की टोचणाऱ्याच्या खिशातून. आणि लस २ ते ८ अंशांत ठेवायची असली तरी गोठलेली चालत नाही, बर्फाला चिकटून गोठली असेल तर परत करा. दुसरं, दर जनावराला नवी सुई. मागायला लाजू नका. लम्पीच्या काळात एकाच सुईने आळीभर टोचत गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि पाठोपाठ उठलेल्या गाठीही.

बिल्ल्याचं विसरू नका. १ जून २०२४ पासून आपल्या राज्यात कानातल्या १२ अंकी बिल्ल्याशिवाय दवाखान्याची सेवाही नाही आणि खरेदी-विक्रीही नाही. टोचल्यावर नोंद त्या नंबरवर ऑनलाइन चढली का, तिथल्या तिथे विचारा. चार महिन्यांवरची वासरंही द्या, आणि पहिल्यांदा टोचलेल्या वासराला महिन्याने दुसरा डोस लागतो, तो पथक विसरतं, तुम्ही लक्षात ठेवा.

वाड्यावरून:

काका, आमचं मेंढराचं. फेरी गावात येती तवा आमचा वाडा गावात नसतो. कोकणात असतो नायतर वाटंला. दवाखान्यात गेलं की म्हणत्यात तुमचं गाव कोणतं, तिकडं जा. गेल्या साली पीपीआर रोगानं कोकरं गेली. तोंड आलं, नाकातनं पू, हगवण. भरपाईला कागद मागितला, कागद कुठला आमच्यापाशी.

निवृत्त पर्यवेक्षक:

पाव्हणं, हे खात्याचं जुनं दुखणं. फेऱ्यांचा आराखडा गावाच्या यादीवर बसवलेला, आणि तुमचा कळप यादीत बसत नाही. बैठकीत हे किती वेळा मांडलं, लिहून घेतलं जायचं आणि तिथेच राहायचं.

तुमच्यासाठी बरी गोष्ट एकच. पीपीआरची लस दर सहा महिन्यांनी लागत नाही, एकदा टोचलेलं मेंढरू तीन वर्षं तरतं. फक्त दरसाली जन्मलेली कोकरं, चार महिन्यांची झाली की, टोचायची राहता कामा नये. तर दिवाळीच्या आधी, घाट उतरायच्या आत, अख्खा वाडा एका जागी असतो तेव्हा तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला अर्ज द्या. एकट्याने नको, तीन-चार वाडे मिळून द्या, मेंढरांचा आकडा घालून. हजार-दीड हजार मेंढरं एका जागी मिळतात म्हटल्यावर पथकालाही ते सोयीचं पडतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख. कोकणात कुठे साथ उठली आणि पंचनामा करायची वेळ आली तर तोच तुमचा कागद.

वाटेत कोकरं पडायला लागली तर १९६२ लावा. फिरत्या पथकाचा नंबर आहे, गाव कोणतं ते न विचारता जिथे असाल तिथे त्यांनी यायचं असतं. ‘तुमच्या तालुक्यात जा’ म्हणाले तर नाव विचारून घ्या आणि इथे नको, जिल्ह्याच्या उपायुक्तांकडे लिहा. अर्ज लिहायचा कंटाळा असेल तर मजकूर मला इथेच विचारा, रात्री बसून लिहून देतो.

बारमाही:

सगळ्यांचे आभार. वडिलांना वाचून दाखवलं. धापणाऱ्या जनावरापाशी थांबले, म्हणाले, आपल्या खिलारीचं तसंच झालं होतं. दोन गाई आणि वासरं टोचायची ठरलीत, आठव्या महिन्यातली व्याल्यावर. सुया मी स्वतःच्या पैशाने आणून ठेवतो, कमी पडल्या म्हणायला नकोत.

साडूला लिंक पाठवली. तो म्हणतो, शेडवाल्यांना विचार, व्याजाबद्दल अर्ज कुणाकडे करायचा.